उरलेलं अंतर

न्यूयॉर्क ते सहार
बारा हजार पाचशे पन्नास किलोमीटर,
कागदावर.
कागद मीच काढतो. इंधन किती, वारा कुठला,
कुणाच्या हद्दीवरून जायचं आणि कुणाच्या नाही,
अठरा वर्षं हेच.

अण्णांना आकडा सांगितला तर म्हणाले,
"रात्री किती?"
एकच, म्हटलं. तीही आखूड.
"मग हर्णैएवढंच की."
हर्णैची बोट दिवेलागणीला सुटायची,
पहाटे भाऊच्या धक्क्याला.
त्या एका रात्रीत चार वेळा ओकून
ते नोकरीच्या मुलाखतीला पोचले होते.
तेव्हापासून त्यांच्या लेखी जगातलं कुठलंही गाव
एक रात्र आणि एक लिंबू, इतकंच लांब.

आज वृंदा विमानात आहे. एकेचाळीस-सी.
सुटण्याआधी तिनं कळवलं,
अण्णांना सांग, निघाले.
सांगितलं. त्यांनी डोळे न उघडता
चादरीतून एक बोट वर केलं.

चार दहाला कूपरमधून कुंदाचा फोन.
ती काही बोलली नाही,
नुसतं माझं नाव घेतलं.
लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच.

पडद्यावर विमान काळ्या समुद्राच्या काठाशी.
उरलेलं अंतर पाच हजार एकशे.
पाच तास अडतीस मिनिटं.

मला कॉकपिटला निरोप धाडता येतो.
धुकं, धावपट्टी, बदललेलं गेट.
एकदा कुणाला मुलगी झाली तेही धाडलं होतं,
वर सगळ्यांना बिस्किटं वाटली म्हणे.
दोन शब्द पुरले असते.
कर्सर लुकलुकत राहिला.

तिच्याकडे अण्णा अजून आहेत.
ती झोपली असेल तर झोपेतही आहेत.
बॅगेत त्यांच्या मापाचे लोकरी मोजे,
आणि पाय गार पडल्याची गोष्ट
अजून अकरा किलोमीटर खाली,
पाच हजार पुढे.
तेवढ्या जागेत ते खोकतायत,
पेपर उलटा घडी करून ठेवतायत,
"आली का?" विचारतायत.

वारा पाठीशी होता, ताशी एकशे तीस.
असा वारा मिळाला की आम्ही खूश असतो.
मी पुटपुटलो, फिर रे बाबा,
समोरून ये, अडव तिला थोडं.
वीस मिनिटं. बरं, दहा.

पलीकडच्या टेबलावरून लोबो ओरडला,
"तुझं लवकर येतंय रे!"
मी हो म्हटलं,
आणि विंडो न पाठवता बंद केली.

ती बाहेर आली. केस बांधलेले, ट्रॉलीचं एक चाक वाकडं.
कठड्यापर्यंत सव्वीस पावलं.
माझ्याकडे बघत बघत आली,
शेवटची चार-पाच हळू.
"उशीर नाही ना झाला?"

चौदा मिनिटं आधी आलीस, मी म्हटलं.