चौकातून परत फिरणारी बाई

धरणगावात टाकीखालच्या खोलीत
बदली झालेला इंजिनियर एक संगणक सोडून गेला,
त्यात अख्खं रोम.

रात्रपाळीला मी ते बांधतो.
आधी रस्ता, मग विहीर, मग झोपड्या.
डोंगरातून कमानीवर कमान टाकत पाणी आणतो.
कारंजं उडालं की शेजारची घरं
बघता बघता कौलं घालतात,
मग संगमरवर.
इकडे पंप सुरू झाला की खोलीतला पंखा मंदावतो,
पडदा थरथरतो,
आणि रोम जरा वेळ तापी खोऱ्यात येतं.

सुपडू आप्पाने निवृत्त होताना व्हॉल्व्हची चावी दिली,
म्हणाला, "आटे मोज. सोळा गढीकडे, अकरा पेठेकडे.
तोंडांकडे बघू नको."

रोममध्ये बघता येतं.
माणसावर बाण नेला की माणूस बोलतो.
कर जास्त आहे. मंगळदेव रागावलाय.
सम्राटाचा निरोप: वीस गाड्या गहू पाठव.
थांब म्हणावं.

कारण कोपऱ्यातलं एक घर सारखं खचतंय.
पाणी आहे, देऊळ आहे, बाजार हाकेवर.
मग काय?
वेग कमी केला आणि बाजारवालीच्या मागे गेलो.
टोपली घेऊन ती निघते, चौकात येते,
आणि परत फिरते.
पुन्हा निघते. परत फिरते.
तिच्या मनात काही नाही.
तिला फक्त तिकडे वळायचं सुचत नाही.

पहाटे चावी खांद्यावर, सायकल.
सोळा. अकरा.
पिठाच्या गिरणीपाशी हँडल आपोआप वळलं,
नऊ वर्षं वळतंय तसं.

पुढे एक व्हॉल्व्ह आहे, चिखलात गळ्यापर्यंत.
तिथली ठगूबाई गिरणीवर दळण ठेवून उभी असते,
"पानी कव्हय येई रे भाऊ?"
मी म्हणायचो, वरूनच नाही.
वर म्हणजे कुठे, ते तिने विचारलं नाही.
वर मीच असतो.

गिरणीवाल्याकडून डिझेल मागितलं, आट्यांवर ओतलं.
दोन आटे फिरले. तिसऱ्याला चावी सटकून
नडगीवर बसली.
आत कुठेतरी हवा खोकली.
पाण्याचं अजून सांगता येत नाही.

रात्री रोम उघडलं, तसंच थांबवून ठेवलं.
ती चौकात आहे,
टोपली कमरेवर, एक पाय उचललेला.
माझे तळहात तांबडे,
आणि सम्राट गव्हासाठी ओरडतोय.