अकरा तारखेचे पैसे

माझी पाळी दुपारी चारला सुरू होते,
मॉन्क्टन गावात, बंद पडलेल्या बुटांच्या दुकानावर.
कानाला हेडफोन, समोर दोन पडदे
आणि टेबलाला चिकटवलेली वाक्यं.
पहिलं : आपली अडचण मी समजू शकते.

हा फोन उत्तरेचा. तिथे रस्ता जात नाही,
आवाज आधी उपग्रहावर चढतो, मग उतरतो.
मध्ये एक पोकळी राहते
आणि मी दर वेळी तिच्यातच बोलून बसते.

लीटिया अकावाक. खोकल्यावरून सत्तरीपुढची.
शंभर जीबीचा प्लॅन, पाच तारखेलाच संपलेला.
पुढे वरकड बासष्ट, जीबीला अडीच डॉलर :
एकशे पंचावन्नचा भुर्दंड.
ती भांडत नाही.
म्हणते, तारीखवार वाच.

असं कोणी मागत नाही. मी वाचते.
सहा तारीख, दोन.
"पुतण्याची शिकवणी."
नऊ, तीन.
"माझ्या गुडघ्याचा डॉक्टर."
अकरा तारीख, सात.

गप्प. मला वाटलं, उपग्रह.

"त्या रात्री पानिक ओटावात बाळंत झाली.
इथे आम्ही तेराजण एका फोनभोवती.
बाळ झोपलेलं. काही करत नव्हतं, झोपलेलं.
बंद कर, असं एकमेकांना सांगत होतो
आणि कोणी करत नव्हतं."

चौदा तारीख. पन्नास.

"चौदाला घरात कुणी नव्हतं.
सगळे बर्फावर, मासे धरायला."
मला दिसतं : मुलांच्या खेळाच्या यंत्रानं
स्वतःच स्वतःला नवं करून घेतलं,
मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत,
रिकाम्या घरात.

माझ्याकडे एक बटण आहे. सौजन्य सूट,
वर्षातून एकदा, तीस डॉलरपर्यंत.
"मग चौदाला लाव," ती म्हणाली.
"खाल्लं त्याचे देईन. सांडलं त्याचेही देईन.
हे तर ताटात पडलंच नाही."

पण सूट वरून खाली उतरते, बाई.
सहा माफ होते, नऊ माफ होते,
अकरा माफ होते,
आणि तिथेच संपते.

"अकराला हात लावू नकोस."

मी पुन्हा समजावलं. तीस डॉलर वाचतील.
"ऐकलं मी. अकराचे सतरा डॉलर पन्नास सेंट
माझे आहेत. ते कोणी फुकट करायचे नाहीत."

एका फोनला मला सहा मिनिटं.
नववं चालू होतं, लाल आकड्यात,
त्याचे माझ्या पगारातून जातात.
बटणावरचं बोट मी काढलं.
शेऱ्याच्या चौकटीत काय लिहावं सुचेना,
लिहिलं : ग्राहकास सूट नको.
आणि टेबलावरचं शेवटचं वाक्य वाचलं,
आणखी काही मदत करू शकते का?

तिनं नाही म्हटलं. मी निरोप घेतला.
तिचं हसू त्यानंतर पोचलं.