सात मिनिटं पुढे

शाहूपुरीतल्या दुकानातून घड्याळ आणलं.
बाराच्या आकड्याखाली मोहरीएवढा डोळा.
दुकानदार म्हणाला, "कार्डावर आठ दिवस मावतात, मालक.
नवव्या दिवशी पहिला दिवस आपोआप पुसतो."
माणसाला अशी सोय हवी होती, असं मनात आलं.
बिल मागितलं.

सोमवारी उद्यमनगर बंद.
एकट्यानं शिडी लावली,
वडलांच्या फोटोशेजारी खिळा ठोकला.
काटे सात मिनिटं पुढे लागले, ते तसेच राहिले.

चार महिन्यांत गनमेटलचे एकोणीस बुश कमी.
कुणाकुणावर संशय घेतला ते सांगू नये,
पण सांगतो:
गौसवर, कारण त्याच्या पोरीचं लग्न ठरलेलं.
आयटीआयच्या प्रज्योतवर, कारण त्याचे बूट नवे.
हौसाक्कावर, कारण ती उशिरापर्यंत असते.
हिंदुरावकाकांवर नाही.

रात्री जेवून लॅपटॉप उघडायचो.
आवाज नव्हता त्यात.
एवढा मोठा कारखाना, आणि मासे फिरावेत तशी माणसं.
गौस लेथ बंद करतो,
फिरता चक थांबेपर्यंत त्यावर तळवा ठेवून उभा राहतो,
दमलेल्या बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.
प्रज्योत पगार मोजतो, परत मोजतो,
एक नोट बुटात घालतो.
आणि हौसाक्का.
फरशी पुसून झाली, फडकं पिळून झालं,
की माझ्या खुर्चीत बसते.
एक गिरकी.
पदर सावरून आणखी एक.
मग टेबलावर दोन्ही हात ठेवून
समोर नसलेल्या कुणालातरी काही सांगते.
तीनदा मागे नेऊन बघितलं तेव्हा ओठ कळले:
"उद्या या."
दिवाळीपासून ती उचल मागत होती.

सहाव्या रात्री काका.
मायक्रोमीटर धरायला त्यांनीच शिकवलं मला,
"आवळू नको रे, नुसतं भेटू दे."
कपाट उघडलं. वेस्ट कॉटननं बुश पुसले,
एकेक उजेडाला धरून आतून बघितला.
एक पसंत पडला नाही, परत ठेवला.
दोन रिकाम्या डब्यात.
चालू राहिलेला पंखा बंद केला.
मग किती वाजले बघायला मान वर केली,
सरळ माझ्याकडे.

मी लॅपटॉप मिटला, सापडल्यासारखा.

केबिनमध्ये बोलावलं तेव्हा काही दाखवलं नाही.
एवढंच म्हणालो, "काका, ते घड्याळ."
त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या,
टेबलावर एकेक सुटी करून मांडली.
"तरीच," म्हणाले, "सात मिनिटं पुढं पळतंय.
तुझ्या बापाचं घड्याळ कधी पुढं नव्हतं."
का केलं, मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं नाही.
एकतीस वर्षांच्या हिशेबातून
एकोणीस बुश वजा केले.
कागद वाचून, चष्मा काढून ते म्हणाले,
"एकवीस."

चहावाला पोरगा यायच्या आत सगळ्यांना कळलं.

आता गौस बटण दाबतो आणि बाजूला होतो,
चक एकटाच फिरत राहतो.
प्रज्योत पाकीट न उघडता खिशात घालतो.
हौसाक्का माझ्या खुर्चीला वळसा घालून फरशी पुसते,
विहिरीच्या काठानं जावं तशी.
मीच म्हणालो, "हौसाक्का, उचल पाहिजे होती ना?"
"नगो मालक," म्हणाली, "मी निघालो."

कॅमेरा काढून टाकला.
सगळ्यांसमोर काढला, शिडी प्रज्योतनंच धरली.
बाराच्या आकड्याखालचं भोक एम-सीलनं बुजवलं.
घड्याळ मिळवून लावलं. सेकंदाचाही फरक नाही.

तिकडं कोणी बघत नाही.
सुट्टी झाली का म्हणून
गौस तेलकट हात पुसतो,
खिशातून मोबाइल काढतो.