शेऱ्याचा रकाना

डिचोलीच्या आमच्या शाळेत
वाचनालय म्हणजे जिन्याखालची लांबट खोली,
सहा कपाटं, त्यातलं एक उघडतच नाही,
आणि मी.
सकाळी आधी फडकं घेते.
ट्रक बंद होते त्या वर्षांतसुद्धा
ही तांबडी धूळ कुठून येत राहिली, देव जाणे.
पुस्तकांच्या माथ्यावर बसते,
फुंकर मारली की शिंक येते
आणि रुमालावर गेरू.

पूर्वी मुलं विचारायची, टीचर, भुताचं आहे?
आता विचारतात, टीचर, वायफायचा पासवर्ड?
मी रागावत नाही. खोटं कशाला बोलू,
गुडघ्याचा व्यायाम मलाही त्याच काचेत सापडला,
आणि रात्री दीड वाजता तिथेच कळलं
की मला बहुधा सात असाध्य रोग आहेत.

परवा आठवीचे प्रकल्प आले.
विषय: माझा गाव.
एकेचाळीस फाईली, चकचकीत छपाई,
एकेचाळीस गावांत तोच समुद्र,
तोच डावीकडे कललेला माड,
तीच आरामखुर्ची, तिच्यावर कुणाची तरी टोपी.
मी चष्मा पुसून परत पाहिलं.
यांतल्या निम्म्यांनी समुद्र पाहिलाय तो सहलीत,
बसमधून उतरून पाऊण तास.
गोवा लिहिलं की काच समुद्रच दाखवते.
तिला काय ठाऊक
डोंगर पोखरून उरलेले आमचे ढिगारे,
कुळागरातला दुपारचा अंधार,
पाटाच्या पाण्याच्या पाळ्या आणि त्यावरची भांडणं.

मनस्वी मळीकला बोलावलं.
तुझ्या वाड्यावर लाटा कधीपासून गं?
ती हसली नाही.
"टीचर, आमचो वाडो सर्च केल्यार येना."

मग मी जिंकल्यासारखी उठले, कबूल करते.
तिसऱ्या कपाटातून काढलं
दाखल क्रमांक दोनशे सतरा:
कुणा निवृत्त मास्तरांनी पदरमोड करून छापलेली
तालुक्याची माहिती,
पाठीला खळीचा वास, काठ कसरीने कुरतडलेला.
पान चौसष्ट. तिचा वाडा. नावानिशी, चार ओळी.
मनस्वी बोट ठेवून वाचत गेली,
मतदारयादीत बापाचं नाव शोधावं तशी,
आणि शेवटच्या ओळीवर बोट थांबलं:
येथील झर बारमाही असून तिचे पाणी कधीही आटत नाही.

"टीचर, हें फट."

छापलेलं आहे, मी म्हणाले.
आणि माझं मलाच ऐकू आलं
तिच्या वर्गातल्या कुणीही म्हणावं तसं:
नेटवर आहे, टीचर.

झर तिची आई लग्न होऊन आली त्याआधीच गेली.
खाण खाली उतरत गेली, पाणी तिच्या मागोमाग.
आता मंगळवारी, शुक्रवारी टँकर येतो,
पोदेरासारखा हॉर्न वाजवतो,
पण दोनदाच. थांबत नाही.

एकवीस वर्षं मी या खोलीत एक वाक्य सांगत आले,
पुस्तकावर लिहू नये.
भिंतीवरही आहे, माझ्याच अक्षरात.
खणातून पेन्सिल काढली, टोक केलं,
तिच्यापुढे ठेवली.
हा सापळा असावा तशी ती बघत राहिली.
मग चौसष्टच्या समासात, बारीक:
आता आटली. टँकर येतो. म. मळीक, आठवी ब.
तारीख घाल, मी म्हणाले.

नोंदवहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो.
त्यात आजवर मी तीनच शब्द लिहिलेत:
जीर्ण. गहाळ. बाद.
दोनशे सतराच्या ओळीवर
संध्याकाळी बराच वेळ पेन धरून बसले.
बोस्त्यांव शिपाई किल्ल्या वाजवत दोनदा डोकावला.
रकान्यात फक्त एक ठिपका पडला शाईचा.

फाईलीतला समुद्र मात्र मनस्वीने काढला नाही.
माड छान आलाय, म्हणाली.