हैमाच्या अलीकडे

जॅक लावायला वाळूत हात घातला
आणि टायरखालून खरखर आली,
वखारीत भर दुपारी
कोणी सावकाश करवत ओढावी तशी.
ओळखली.
आमच्या जांभ्याच्या सड्यावर
हाच आवाज ऐकून बायका
कोयती टाकून मागे सरतात.
एवढा समुद्र ओलांडून आलो
आणि ओमानात भेटलं ते गावचंच.
फुरसं.
वीतभर.
डाव्या करंगळीखाली दोन टिंबं,
शब्दच न लिहिता दिलेला विसर्ग.

दुर्मुहम्मदनं त्याच्यावर डबा पालथा घातला,
डब्यावर दगड, मग फावडं उचललं.
म्हटलं, ते राहू दे,
आधी माझं घड्याळ काढ.
आणि अंगठी. सासऱ्यांनी लग्नात घातलेली,
चौदा वर्षं न निघालेली
ग्रीस लावून निघाली.
तो दोरी घेऊन आला. नको.
ब्लेड घेऊन आला. नको.
"मग करायचं काय?"
"काही नाही. हात हलू द्यायचा नाही."
याहून अवघड काम
इतक्या वर्षांत कुठल्या फोरमननं सांगितलं नव्हतं.

वायरलेसवर नुसती फसफस.
पाण्याचे अडीच कॅन.
हैमा एकशेदहा किलोमीटर
आणि गाडी आसापर्यंत रुतलेली.

हात फळीला बांधून सावलीत पडून राहिलो.
सावली सरकेल तसा
तो मला चटईसकट ओढायचा.
मनगट गेलं, मग कोपर,
भरल्या पखालीसारखा हात
माझ्या शेजारी झोपला होता, दुसऱ्या कुणाचा तरी.

संध्याकाळी हनुवटी ओली लागली.
सकाळी दाढी करताना कापलेलं,
केव्हाच मिटलेलं,
पुन्हा उघडलं होतं.
रक्त गोठायचं विसरलं होतं.
तेव्हा घाबरलो.
साप चावला तेव्हा नव्हे.

रात्रभर तो बलुचीत बोलत राहिला:
मकरानची होडी, भावाची कोर्टकेस,
कुठलीशी लंगडी सांडणी.
मी मालवणीत होय होय करीत राहिलो.
हिरड्यांतून येणारं खारट
तोंडातच ठेवलं, गिळलं.
थुंकलो असतो तर त्याला दिसलं असतं.

पहाटे डबा उचलला. आत काही नाही.
दगडाच्या कडेनं वाट काढून
वाळूवर तिरक्या रेघा, एकीखाली एक,
आता कुणाला वाचता न येणाऱ्या मोडीसारख्या.
दुर्मुहम्मद त्या पुसायला निघाला.
का कोण जाणे, मी पुसू दिल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी शेळ्या भरलेला पिकअप आला.
हरासीस म्हातारा उतरला,
मला बघून सलाम करायचंच विसरला.
मग वाकून
माझ्या हनुवटीला बोट लावलं,
बोट उन्हात धरून पाहिलं.
"नाशिफ," म्हणाला. सुकलंय.
मागे शेळ्या ओरडत होत्या.

करंगळी अजून वाकत नाही.
महिन्यानं फोनवर तोंड दाखवलं,
हात चौकटीबाहेर ठेवून.
तरी तिनं बघितलाच.
जॅक निसटला गो, म्हटलं.
ती गवत कापून नुकतीच सड्यावरून आलेली,
कमरेला कोयती तशीच.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"जॅकाक दोन दात असतत?"