रक्त हवं तिथे

ला सेइबा, पहाटेचे तीन.
पडद्यावर फ्लाव्हियानोचं यकृत,
शिरांमधून पार कडेपर्यंत
काळ्या काटक्या.
रक्त हवं तिथे हवा.

सर्जन हात धुतोय. आतडं मेलंय, म्हणतो, उघडू या.
बहुतेकदा त्याचंच खरं ठरतं.
पण पोट मऊ आहे,
आणि पाय मात्र हलत नाहीत.

मी बाहेर जाऊन त्याच्या बायकोला विचारते,
काल किती टाक्या?

ती बोटं मोजते. तेरा.
लॉब्स्टरमागे तळाशी,
शेवटची मध्येच संपली
तसा सुसाट वर.

सोड्याची बाटली
फटकन उघडावी, तसा
आतल्या आत फसफसलेला माणूस.

दाबकक्षाचं लोखंडी दार लागतं.
सर्जन हातमोजे काढतो.
बाकावर ती अजून
बोटांवरच अडलेली:
चौदा होत्या का?