साक्षीदार

मचवा, पडाव आणि कंदील.
नावं मुकादमांनी ठेवलेली,
त्यांच्या आजोबांची गलबतं जयगडच्या खाडीत ये-जा करायची म्हणून.
मचवा विक्रोळीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्यासमोर.
पडाव खाडीपलीकडे, महापेला.
आणि कंदील मस्जिद बंदरच्या शाखेत,
जुन्या खतावण्यांच्या कपाटाखाली,
चपलांच्या खोक्याएवढा.
त्याच्यात एकही खातं नाही, एकही रुपया नाही.
आहे फक्त एक मत.

"दोघांत भांडण लागलं तर तिसरा लागतोच,"
मुकादम म्हणायचे,
"आणि तिसऱ्याकडे गमावण्यासारखं काही नसावं."

गेल्या आश्विनात कुणीतरी त्याचा प्लग काढून
तिथे मोबाइल चार्जिंगला लावला.
नऊ दिवस बँक साक्षीदाराविना चालली.
कुणाला कळलं नाही. मला कळलं,
दहाव्या दिवशी, जेवताना, घास हातात असताना.

आज रविवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
बाहेर मे महिना, आत अठरा अंश.
मी आईचा तपकिरी स्वेटर घालून बसले आहे.
मचव्यावर लिहिलेली प्रत्येक ओळ
पडावावर उतरल्याशिवाय
"झालं" म्हणायचं नाही, असा नियम.
मी आकडे पाहते. दोन्हीकडे सारखे.
पुन्हा पाहते.
मुकादम असते तर म्हणाले असते,
किती वेळा पाहशील, वायर ओढ.

ओढते.

एक सेकंद. दोन.
मचवा हाक मारतो, पडावाला ऐकू येत नाही.
पडाव हाक मारतो.
दोघांनाही वाटतं, दुसरा बुडाला.
दोघांनाही वाटतं, आता सुकाणू माझं.
हीच ती जागा, जिची मला भीती वाटते:
एकाच खात्यातून दोघांनी पैसे द्यायचे,
दोघांनीही खरं लिहायचं,
आणि सकाळी दोन खरी पुस्तकं समोर ठेवून
मी कुणाचं खोटं ठरवू?

पाच. सहा.
कपाटाखाली कंदील जागा असेल ना?
कुर्ल्यात कुणी एटीएमसमोर उभा असेल,
पडद्यावर "कृपया थांबा",
यंत्राला शिवी देत असेल. दे बाबा.

आठ.
कंदिलाला पडाव दिसतो, मचवा दिसत नाही.
त्याचं एक मत पडतं.
आणि मचवा, धडधाकट, पंखे फिरत असलेला,
ज्याचा काही गुन्हा नाही,
तो स्वतःला बंद करून घेतो.
माझ्यासमोर. हिरवा दिवा जातो.
हे मीच लिहिलं होतं त्याच्यासाठी,
एका दुपारी, चकली खात, चार ओळींत.

अकरा.
पत्ता सरकला. पत्ता कुणाच्याच मालकीचा नाही,
तो तरंगत असतो. लोकांना तेवढाच माहीत.
पडाव बोलायला लागला,
जणू वाक्य त्यानेच सुरू केलं होतं.

रजिस्टरमध्ये लिहिते: चाचणी यशस्वी, अकरा सेकंद.
खाली रकाना: साक्षीदार.
ऑडिटवाल्यांना माणूस लागतो, कंदील चालत नाही.
मुकादम मार्चमध्ये निवृत्त झाले,
त्यांची खुर्ची अजून मंजुरीत आहे.
म्हणून खालून खरपुड्यांना बोलावते,
रात्रपाळीचे वॉचमन, बबन खरपुडे.
ते दारातच चपला काढतात, मी नको म्हणेपर्यंत.

"काय झालं मॅडम?"
"काही नाही झालं."
"मग सही कशाची?"
"काही नाही झालं, याचीच."

ते थोडा वेळ विझलेल्या मचव्याकडे पाहतात.
"हा गेला का?"
"सकाळी उठवणार. पण आता दुसरा नंबर त्याचा."
"राग नाही ना येत त्याला?"
मी हसते, मग हसणं पुरं होत नाही.

ते पेन घट्ट धरून पूर्ण नाव लिहितात,
वडिलांच्या नावासकट,
आणि मनगटावरचं घड्याळ पाहून वेळ टाकतात:
दोन वाजून सव्वीस मिनिटं.
त्यांचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे.
तीन यंत्रांची घड्याळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत
मी जुळवून ठेवली आहेत.
यांची वेळ तशीच राहू देते.